कावळ्यापुढं दिलेला शब्द

४ नवंबर १९३१, बुधवार

मार्थाबाई येऊन गेली. चिखलीहून येते ती, महिन्यातून एकदा, बायकांले पवित्र शास्त्र शिकवाले. आता बायका म्हणजे मीच एक. म्हणे, सखूबाई, रोज दोन ओळी लिहीत जा, नाही तर शिकलेलं अक्षर हातातून जाते. वही तिनंच देल्ली. मी म्हणलं, लिहू काय? म्हणे, दिवसभरात प्रभूनं काय केलं ते लिही.

आज प्रभूनं काही केलं नाही. मी घराले लागून असलेलं प्रार्थनाघर सारवलं, परसातली अंबाडी खुडली. मालक आले नाहीत.

५ नवं., गुरुवार

लिहायचंच तर आधी हे लिहिते, म्हणजे पुन्हा लिहा लागणार नाही.

पोळ्यानंतर सासू गेली. मालक मायच्या मातीले भावाच्या घरी गेले. ते बरोबर केलं. दहाव्याले नदीवर गेले आणि भावासंगं जुन्या रीतीनं डोकं करून आले. त्याच रविवारी चिखलीचे पाळकसाहेब उपासनेले आलेले. त्यायनं बोडकं डोकं पाह्यलं आणि उपासना संपल्यावर उभ्या उभ्या सांगून टाकलं. मंडळीच्या शिस्तीखाली. प्रभुभोजन बंद. सर्वांपुढं उभं राहून पश्चात्ताप करेपर्यंत मंडळीतल्या कोणी त्यायच्या पंगतीले बसायचं नाही. मालक उठले. घरी आले, घोंगडी घेतली, भावाकडं गेले. तीन गल्ल्या पलीकडं. तेव्हापासून तिथंच.

मी त्यायले हाकललं नाही.

६ नवं., शुक्र.

पहाटे गुडघे टेकले. म्हणलं, मालकाले आण, बाकी काही मागत नाही. मोठ्यानं म्हणलं वाटते. शेजारची हलीमाबी, पिंजाऱ्याची बायको, कुडावरून बोलली, "काय वो सखूबाई, भिंतीशी बोलून राह्यली?" मी म्हणलं, देवाशी. म्हणे, "तो जरा धीरे बोल. वो भी थक गया होगा तेरेसे."

हसू आलं. मग वाईट वाटलं हसल्याचं.

८ नवं., रविवार

उपासनेले दोघं. मी आणि शिमोनबाबा. याकोबाचं घर खामगावले कापसाच्या जिनात कामाले गेलं, ते काही परत येत नाही. मालक होते तेव्हा तेच वाचत. आता मी वाचते, बोट ठेवून. शिमोनबाबाले ऐकू येत नाही पण येते बिचारा, नेमानं. माहा अर्धा अध्याय होईपर्यंत झोपला. उठला. म्हणे, "आमेन झालं काय?" मी म्हणलं नाही. पुन्हा झोपला.

गाणं एकटीनं म्हणलं. बाबाही म्हणत होता, पण दुसरंच.

९ नवं.

गावात दिवाळी. सगळीकडं पणत्या. पाण्याले चालली तर मालक भावाच्या ओट्यावर बसलेले. डोक्यावर बोटभर केस आले. भावानं नवी टोपी घेऊन देल्ली वाटते.

"बरी आहेस?"

"बरी."

घागर भरली आणि दुसऱ्या वाटेनं परत आली. ती वाट लांबची. काऊन आली तिकडून?

११ नवं., बुध.

कापूस वेचाले गेली. ओळीत बाया होत्या. गंगू म्हणे, "तुह्या देवाले तुहा नवरा धरून ठेवता येत नाही, मग तो धरते तरी काय?" मी म्हणलं, तुह्या देवानं तुहा धरला काय? काल तर तो दारू पिऊन दिवाळीच्या तोरणाखाली पडला होता. सगळ्या बाया हसल्या. गंगू नाही हसली.

खरं तेच बोलली. पण संध्याकाळी प्रार्थनेले बसली तर जीभ उचलेना. माफी मागा लागते. मले ते जमत नाही. उद्या उरकून टाकते.

१२ नवं.

मागितली. गंगू म्हणे, "कायची माफी वो?" ती विसरली होती. म्हणजे फुकट गेली.

१५ नवं., रवि.

आज वेचणीले गेली नाही. मुकडदमानं निरोप पाठवला, रविवार पाळायचा तर सोमवारीही नको येऊस. मी उलटा निरोप पाठवला, सोमवारी येतेच, बघते कोण काढते. मग प्रार्थना केली. क्रम चुकला.

१६ नवं.

गेली. काढलं नाही. शेवटच्या ओळीले लावलं, बोंडं बारकी असतात तिथं.

१९ नवं., गुरु.

मार्थाबाई मागं म्हणली होती, सखूबाई, भक्ती म्हणजे रविवारचं गाणं नाही. तो सांगते ते रोज करायचं आणि उरलेलं त्याच्यावर टाकायचं. बोलाले सोपं आहे. तिचा नवरा तिच्या घरात आहे.

तो सांगते कुठं? मी रोज विचारते. तो बोलत नाही. मालकही बोलत नाहीत. शिमोनबाबाले बोलून उपयोग नाही. दिवसभरात मी सर्वांत जास्त कोणाशी बोलते तर बकरीशी.

२२ नवं., रवि.

उपासना झाल्यावर सरळ वावरात गेली. मालक गवताची गंजी रचत होते. मी म्हणलं, उभं राहा आणि दोन शब्द बोला, संपलं. ऐकाले कोण आहे? शिमोनबाबाले ऐकू येत नाही, उरली मी.

हसले थोडे. मग म्हणाले, "सखू, मले ते बोलता येत नाही."

"काऊन?"

"येत नाही म्हणलं न."

"मग बसा भावाच्या चुलीपाशी."

मी वळली तर मागून म्हणाले, "पाळकसाहेबानं मले विचारलं काय, काऊन केलं म्हणून? डोकं पाह्यलं अन् सांगून मोकळे."

ते खरं आहे. मी थांबली नाही.

२४ नवं.

काही नाही. प्रार्थनाघर झाडलं. पाल होती, काढली.

२८ नवं., शनि.

हलीमाबी सांगते, जाऊबाईले हिवतापानं धरलं, गोधडीत कुडकुडून राह्यली. सुना नाहीत तिले, पोरी सासरी. बरं आहे, मनात म्हणलं. कळू दे एकट्यानं करणं काय असते.

लिहिलं ते लिहिलं. खोडत नाही.

२९ नवं., रवि.

बाबा आज आला नाही, पाय दुखते म्हणे. एकटीनं उपासना केली. चार भिंती आणि मी. एकटीची उपासना धरतात काय वर, कोणाले विचारू?

शेवटी म्हणलं, प्रभू, मी काय करू ते तरी सांग, मी आज उठत नाही इथून. बसली. बसली. मनात एकच येत गेलं, जाऊबाईच्या घरी दळण कोण दळत असेल. झटकलं. पुन्हा तेच. मी नवऱ्याचं विचारते आणि देव जात्याचं सांगते.

दुसरं काही येईल म्हणून वाट पाह्यली. आलं नाही. उद्या पाहू.

३० नवं.

गेली नाही. बकरी चुकली होती. खरं म्हणजे बकरी दुपारीच सापडली.

रात्री प्रार्थना झाली नाही.

१ डिसंबर, मंगळवार

गेली. जाऊबाई खाटेवर पडलेली, डोळे खोल गेलेले.

"तू काऊन आली?"

"दळाले."

"कोणी धाडलं तुले?"

"धाडलं कोणीतरी. पीठ नाही तर भाकरी खाऊन राह्यले काय तुम्ही? ज्वारी कुठं आहे?"

"मडक्यात. उजव्या हाताले. नीट बस, खुंटा ढिला हाय."

जातं देव्हाऱ्यासमोरच आहे त्यायच्या. पाठ फिरवता येत नाही, जातं तसं ठेवलं आहे. खाली मान घालून दळलं. मनात आपलं गाणं म्हणत होती, ओठ हलले असतील. ती खाटेवरून पाहत होती. मालक वावरात होते. ते यायच्या आत निघाली.

२ डिसं.

गेली. दळलं, दोन घागरी पाणी आणलं. जाऊबाई आज बसली होती. म्हणे, "तुहं पीठ जाडं येते." मी म्हणलं, उठ आणि बारीक दळ मग. ती हसली. सतरा वर्षांत ती माह्यासमोर अशी हसलेली मले आठवत नाही.

३ डिसं., गुरु.

हे नीट लिहिते.

दळता दळता जाऊबाई म्हणली, "सखू, तुले ठाऊक हाय काय तो इथं काऊन राह्यला ते?"

मी म्हणलं, पाळकसाहेबाचा राग आला म्हणून.

"राग नाही व माय. दहाव्याले नदीवर सगळे होतो. भात मांडला. कावळे बाभळीवर बसले, उतरेनात. माह्या घरधन्यानं सांगितलं, माय, नातवाचं लगन धुमधडाक्यानं करतो. नाही. नणदबाईनं सांगितलं, तुही पाटली सुनेलेच देईन, मी ठेवत नाही. नाही. ऊन डोक्यावर आलं. म्हातारे म्हणाले, धाकट्याचं काही राह्यलं असंल मनात. तो दूर उभा होता, भातापाशी आलाच नव्हता. मी हे मानत नाही म्हणे. मग लोक बोलले, तुही माय उपाशी बसली तुह्यापायी. त्याच्यानं ते सहन झालं नाही, सखू. तो पुढं आला. हात जोडले नाही त्यानं, खोटं कशाले सांगू. नुसता म्हणला, माय, मी घरी येऊन राहतो. अन् तेवढ्यात कावळा उतरला."

जातं थांबलं. मी थांबवलं असेल.

मी म्हणलं, उन्हानं भूक लागली असंल त्या कावळ्याले.

"असंल. पण उतरला तर तवाच न."

राहिलेली ज्वारी दळली. जास्तच बारीक झाली.

४ डिसं.

माहा संसार एका कावळ्यानं मोडला. एवढी वर्षं शास्त्र वाचून मले वाचून दाखवणारा माणूस, आणि कावळ्यापुढं शब्द देऊन आला.

अंगणात कावळे आले. दगड मारला.

६ डिसं., रवि.

बाबा आला. मी वाचलं पण काय वाचलं माहीत नाही. मनात सारखं नदी. लोक म्हणाले तुही माय उपाशी बसली. ते कसे उभे असतील तिथं. मी त्या दिवशी घरी होती, त्यायनं म्हणलं होतं तू येऊ नकोस, तुले पटणार नाही. मी गेली असती तर? मी म्हणलं असतं, चला घरी. मग लोक मले म्हणाले असते. मले चाललं असतं ते.

प्रार्थनेत प्रभूले काही मागितलं नाही. नुसती बसली. शेवटी बाबानंच आमेन म्हणलं.

९ डिसं., बुध.

दळत होती तर मालक आले. मान वाकवून दारातून आत शिरतात, उंच आहेत. मले पाहून थबकले. जाऊबाई उठून बाहेर गेली, म्हणे म्हैस सोडून येते. म्हैस नाही त्यायच्याकडं.

मी हात न थांबवता म्हणलं, "मले सांगितलं काऊन नाही?"

ते उमगले कशाबद्दल. खाली बसले.

"तुले काय सांगू? तू म्हणली असती, तो कावळा होता, माय नव्हती."

"तेच म्हणली असती."

"म्हणून."

मी मूठभर ज्वारी जात्यात घातली. मग म्हणाले, "तो कावळा होता हे मलेही ठाऊक हाय, सखू. मी काय खुळा नाही. पण शब्द मी कावळ्याले नाही देल्ला, मायले देल्ला. आता पाळकसाहेब म्हणतात, उभा राहा अन् म्हण चुकलो. कायले चुकलो म्हणू? मायले दिलेला शब्द चुकला म्हणू, माय जमिनीत असताना? तूच म्हणत होती न, प्रभू शब्दाले पक्का. मग त्याच्या माणसानं शब्दाले पक्कं राह्यलेलं काऊन चालत नाही?"

मले उत्तर आलं नाही. मले नेहमी येते.

१० डिसं.

अजून आलं नाही.

१३ डिसं., रवि.

थंडी वाढली. बाबाले घोंगडीत गुंडाळून आणलं. एका माणसाच्या घरात चूल लवकर विझते, हे पहिले माहीत नव्हतं.

१५ डिसं., मंगळ.

जाऊबाई बरी झाली, आज तिनंच दळलं. मले म्हणे, "सखू, तूच इकडं राहाले ये न. कशाले एकटी मरते तिकडं? तुह्या देवाची प्रार्थना कर तू कोपऱ्यात, मी कोणाले बोलू देणार नाही. फक्त सणावाराले निवद तुह्या हातानं दाखवत जा. माह्या हातानं होत नाही आता."

ती मनापासून बोलली. म्हणून जास्त कठीण.

मी म्हणलं विचार करते. घरी येताना खरंच विचार केला. उबदार घर. दोन माणसं बोलाले. मालक. आणि निवदाचं ताट हातात. ते ताट मी कितीदा मनात उचललं आणि कितीदा खाली ठेवलं.

१६ डिसं.

जाऊन सांगितलं, नाही. निवद मले जमणार नाही. ती म्हणे, "एवढुसं ताट व माय." मी म्हणलं, एवढुसं आहे म्हणूनच. मोठं असतं तर मले ओढूनताणून नेलंही असतं कोणी. हे स्वतःच उचला लागते.

तिले कळलं नाही. मलेही बोलल्यावर कळलं. "दळण लागलं तर बोलाव," म्हणलं. ती म्हणे, "बोलावीन. जाडं असू दे."

मालक ओट्यावर होते. त्यायनं ऐकलं असेल.

१७ डिसं.

नाही म्हणून तर आली. आज घरात इतकं शांत वाटलं की हलीमाबीचा पिंजणाचा आवाज बरा वाटला. दुपारी ती रुईचा बोळा घेऊन आली, उशीत भराले. म्हणे, "तेरे मरद को बोल, मेरे मरद के साथ बैठ के चाय पिए. यहाँ तक तो आएगा." आले नाहीत. ती तरी किती करंल.

२० डिसं., रवि.

मार्थाबाई आली. सगळं सांगितलं. तिनं शास्त्र उघडलं, मिटलं. मग म्हणे, घाईत दिलेला असा शब्द बांधत नाही माणसाले. मी म्हणलं, हे त्यायले सांगू कसं? शब्द मोडा असं सांगाले जाऊ? म्हणे, पाळकसाहेब नाताळाले येतात, त्यांना विचारू.

मग तिनं माहा हात धरला. माहा हात कोणी धरून किती दिवस झाले. मी लवकर सोडवला.

२५ डिसं., शुक्रवार

नाताळ. प्रार्थनाघराले आंब्याची पानं लावली. पाळकसाहेब टांग्यानं आले, मार्थाबाई आणि चिखलीची दोन घरं संगं. भरलेलं घर पाहून शिमोनबाबा रडला.

उपासनेआधी मी पाळकसाहेबाले बाजूले घेतलं. म्हणलं, साहेब, तुम्ही त्यायले विचारलंच नाही काऊन केलं ते. मार्थाबाईनं माहा पदर ओढला. साहेबाचा चेहरा लाल झाला, मग उतरला. म्हणाले, "खरं आहे, सखूबाई. मी विचारलं नाही." आणि छत्री तिथंच टेकवून निघाले, तीन गल्ल्या पलीकडं. लोक वाट पाहत बसले. गूळ-शेंगदाणे खाऊन झाले सगळ्यांचे.

परत आले. उपासना झाली. प्रभुभोजन झालं. मालक आले नाहीत.

जाताना मले म्हणाले, "तुमचा माणूस खोटा नाही. पण शब्द त्यानं चुकीच्या जागी ठेवला आहे, आणि तो उचलायला तयार नाही. मी ईस्टरपर्यंत थांबतो, सखूबाई. त्याच्या पुढं मंडळी मला थांबू देणार नाही. मंडळीच्या यादीतून त्याचं नाव काढावं लागेल."

मी म्हणलं, आणि पंगत? म्हणाले, ते तोपर्यंत तसंच. तुम्हालाही.

२६ डिसं.

ईस्टरपर्यंत.

साहेबाचा राग येत नाही, तीन गल्ल्या चालत गेले. मालकाचा येत नाही. प्रभूचा येते थोडा. त्याले सांगितलं. त्याले सांगितल्यावर मग बाकीची प्रार्थना झाली.

३ जानेवारी १९३२, रवि.

बाबा आणि मी.

७ जाने., गुरु.

ज्वारीची सोंगणी. मी आणि जाऊबाई एकाच ओळीत लागलो. बोलणं काही नाही, विळे चालले. मध्येच सुचलं. कुठून सुचलं माहीत नाही, मी तेव्हा प्रार्थनाही करत नव्हती, पाठ दुखत होती नुसती.

दुपारी भाकरी खाताना मालक बांधावर बसले होते, लांब. मी उभ्यानंच गेली. म्हणलं, मायले शब्द काय देल्ला होता?

"तुले ठाऊक हाय."

"पुन्हा सांगा."

"घरी येऊन राहतो म्हणलं."

"मग राहून राह्यले न. मोडला कोणी? उपासनेले जाणार नाही असं म्हणलं होतं काय मायले?"

त्यायनं हातातली भाकरी खाली ठेवली.

"म्हणलं होतं काय?"

"नाही."

"मग."

मी परत ओळीले लागली. जाऊबाई म्हणे, काय सांगून आली? मी म्हणलं, हिशेब दाखवून आली. म्हणे, तुहा हिशेब नेहमी तुह्याच बाजूनं निघते. हो, म्हणलं.

१० जाने., रवि.

आले नाहीत.

१७ जाने., रवि.

आले नाहीत. बाबाले म्हणलं, आज तुम्ही आमेन म्हणा. त्याले ऐकू आलं नाही.

२१ जाने.

सकाळी उठाले जीवच नव्हता. पाणी नाही, झाडू नाही. पडून राह्यली. म्हणलं, एक दिवस प्रार्थनाघर झाडलं नाही तर कोणाले कळते? मग उठली, झाडलं. कोणाले कळलं नाही. झाडून झाल्यावर उंबऱ्यावर थोडी बसली. ऊन तिथं चांगलं येते सकाळचं.

२४ जाने., रवि.

अर्धा अध्याय झाला तेव्हा बाहेर खोकल्याचा आवाज. मी ओळखते तो खोकला. वर पाह्यलं नाही. बोट होतं तिथंच ठेवलं. पुढचा शब्द दिसेना, डोळ्याले पाणी आलं म्हणून, मग एकदम पुढल्या ओळीवर गेली.

ते बाहेरच्या ओट्यावर बसले होते, भिंतीले टेकून. आत आले नाहीत. संपल्यावर उठून गेले. बाबा म्हणे, "कोण होतं?" मी त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं. म्हणे, "मग आत काऊन नाही आला, बाहेर गार आहे."

३१ जाने., रवि.

आज पुन्हा आले, ओट्यावर. उपासनेनंतर गेले नाहीत, बसून राह्यले.

मी भाकरी केल्या होत्या, तुरीचं वरण. पंगतीले बसायचं नाही हे साहेबानं पुन्हा सांगितलं आहे. मले ते पटत नाही, पण मले पटलेलंच करायचं असतं तर मी निवदही उचलला असता. त्यायले ओट्यावर ताट देल्लं. मी आत बसली, दाराच्या आतल्या बाजूले, माहं ताट घेऊन. मध्ये भिंत. पंगत झाली नाही.

भिंतीपलीकडून म्हणाले, "वरणात मीठ कमी हाय."

"मागा मग."

हात दारातून आत आला. मिठाचा वाडगा देल्ला.

जेवण झाल्यावर मी विचारलं नाही. तेच म्हणाले, "पुढल्या रविवारी येईन असं समजू नको, सखू. मी आता कोणाले शब्द देत नाही."

मी म्हणलं, "मागितला कोणी? तुमच्या भाकरी थापलेल्या राहतील. नाही आले तर बाबा खाईल."

"बाबाले दात कुठं हाय?"

"वरणात कालवून खाईल."

गेले. ताट धुवून ठेवलं होतं त्यायनं, उलटं, भिंतीशी.

३ फेब्रु., बुध.

साहेबाले चिठ्ठी लिहाले सांगावं काय मार्थाबाईले, की ते बाहेर येऊन बसतात? मग वाटलं, नको. बाहेर बसणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे, साहेब हेच म्हणतील, आणि ते बरोबर म्हणतील. ईस्टर मार्चात आहे. मी मोजत नाही.

६ फेब्रु., शनि.

जाऊबाईकडं दळून आली. मालक तिथंच होते, बैलाले पाणी पाजत. उद्याचं काही बोलले नाहीत. मीही नाही. जाऊबाई दोघांकडं पाहून नुसती मान हलवत होती.

उद्याचा अध्याय लांब आहे. आज दोनदा वाचून ठेवला, अडते तिथं बोटानं खूण केली, म्हणजे उद्या लवकर संपेल. ओट्यावर वारं लागते सकाळी, बसणाऱ्याले फार वेळ बसा लागू नये.

कोणी बसलं तर.